लेहरा, चिप आणि पियानो: मारिओच्या धुनेत नेमकं आहे तरी काय?

घरात पेटी असेल तर उघडा. पांढरी एकचा सा धरा आणि एवढंच वाजवा: ग ग, ग, सा ग, प, आणि शेवटी मंद्र सप्तकातला प. आधी सावकाश, मग लय चढवून. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना तिसऱ्या गंधारापाशीच ओळख पटेल. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ असा सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा मिळणारी बहुतेक यंत्रं निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या नकला होत्या आणि एका कॅसेटमध्ये शेकड्यांनी गेम असल्याचं वेष्टणावर छापलेलं असे. धून मात्र मूळचीच वाजायची.

ही धून मी कलाकृती मानतो. ‘लहानपणाची आठवण आहे म्हणून आवडते’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही, कारण आठवण शाळेच्या घंटेचीही असते, आणि घंटा कुणी पियानोवर वाजवत बसत नाही. ही धून मात्र चाळीस वर्षं जगभर पियानोवर वाजते आहे. ती का टिकली, हे समजून घ्यायचं तर तिच्यावरचं एकेक आवरण काढून पाहावं लागतं. आधी गेम बाजूला ठेवायचा, मग त्या यंत्राचा तो टिपिकल आवाज, आणि मग पाहायचं की हातात काय उरतं. पियानो या कामाला फार उपयोगी पडतो.

त्याआधी या संगीताचं काम काय असतं ते पाहू. आपल्याकडे त्याला अगदी जवळचा एक नमुना आहे: लेहरा.

तबल्याचं एकलवादन ऐकलं असेल तर तिथे पेटीवर किंवा सारंगीवर एकच छोटी धून सतत फिरत असते. तीनताल असेल तर सोळा मात्रांची. तबलजी कायदा मांडतो, रेला उडवतो, तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो, आणि एवढ्या वेळात पेटीवाला ती सोळा मात्रांची ओळ शेकडो वेळा वाजवतो. कॉलेजच्या दिवसांत मी तबल्याच्या रियाजाला असा लेहरा धरून बसायचो, कधी कधी सलग तासभर. तेव्हा कळलं की चांगला लेहरा बांधणं किती अवघड आहे. सम स्पष्ट दिसली पाहिजे. ओळ इतकी नटलेली नको की लक्ष तबल्यावरून उडेल, आणि इतकी कोरडीही नको की पन्नासाव्या आवर्तनाला वाजवणाऱ्याचाच जीव कंटाळेल. सगळ्यात महत्त्वाचं, तिच्या शेवटच्या दोन-तीन मात्रांनी पुन्हा पहिल्या मात्रेकडे ओढून नेलं पाहिजे. लेहरा कुठे थांबतच नाही, तो फिरतो.

गेमच्या संगीताला नेमकं हेच करावं लागतं. तिथला तबलजी म्हणजे हातात बटणं धरून बसलेला खेळाडू. चित्रपटाच्या संगीतकाराला ठाऊक असतं की नायिका दाराबाहेर पडायला बावीस सेकंद घेते, आणि तो बावीस सेकंदांचं संगीत लिहितो. गेमच्या संगीतकाराला हे माहीत असण्याची सोयच नाही. एखादी मुलगी तो टप्पा मिनिटभरात पार करेल, तिचा धाकटा भाऊ त्याच खड्ड्यात दहाव्यांदा पडेल. दोघांनाही तेच संगीत पुरलं पाहिजे आणि दोघांनाही ते नकोसं होता कामा नये.

लय कशी वाढते तेही लेहऱ्यासारखंच. तबलजीने लय चढवली की लेहरा धरणारा निमूट त्याच्या मागोमाग जातो. मारिओमध्ये वेळेचं घड्याळ उलटं पळत असतं, आणि ते शंभरावर आलं की एक इशारा वाजतो आणि तीच धून जलद होऊन पुन्हा सुरू होते. ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये फक्त चार उतरते सूर होते, तेच ते, आणि शत्रू जवळ येईल तसे ते जलद होत जात. त्या चार सुरांना कुणी सुंदर म्हणणार नाही, पण खेळणाऱ्याच्या छातीतली धडधड ते नेमकी पकडायचे. पुढे १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये लुकासआर्ट्स या गेम कंपनीच्या मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी अशी व्यवस्था आणली की खेळाडू एका जागेतून दुसरीकडे गेला की संगीत योग्य ठिकाणी वळण घेऊन नव्या धुनेत शिरायचं, मधे खटका बसायचा नाही. तयार बंदिश वाजवण्यापेक्षा हे साथसंगतीच्या जास्त जवळचं आहे.

आता दुसरं आवरण, म्हणजे आवाज. फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानमध्ये आला. त्याच्या चिपमधून एका वेळी पाच प्रकारचे आवाज निघू शकत. दोन आवाज ‘पल्स’ लहरींचे. या लहरी पायरीसारख्या असतात, एकदम वर, एकदम खाली, आणि किती वेळ वर राहायचं ते बदललं की आवाजाचा पोत बदलतो, कधी भरीव, कधी नाकातला. तिसरा आवाज त्रिकोणी लहरीचा, मऊ, बहुधा खर्जासाठी वापरला जाणारा, आणि त्याचा आवाज लहान-मोठा करण्याची सोयच नव्हती: एक तर चालू, नाहीतर बंद. चौथा म्हणजे नुसता खरखराट. त्याचे छोटे तुकडे केले की झांज आणि ढोलाचा भास होतो. पाचवा रेकॉर्ड केलेले अगदी छोटे ध्वनी वाजवण्यासाठी. थोडक्यात, सूर धरू शकणारे गळे तीन.

त्यातही हे गळे संगीताच्या एकट्याच्या मालकीचे नव्हते. मारिओने उडी मारली की तो ‘बुंईं’ आवाजही याच गळ्यांपैकी एकातून यायचा, आणि तेवढ्यापुरती संगीतातली एक ओळ गप्प व्हायची. पुढच्या वेळी खेळताना कान देऊन ऐका. अख्खा गेम, चित्रं, नियम, संगीत मिळून ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कित्येक पट जागा खातो.

एवढ्या जागेत कोजी कोंडो यांनी काम केलं. जन्म १९६१, नागोया. लहानपणी इलेक्ट्रॉनिक ऑर्गन शिकलेले. १९८४ मध्ये ते निन्टेन्डोत लागले आणि पुढच्याच वर्षी हा गेम आला, म्हणजे वय चोवीस. त्यांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मारिओसाठी त्यांनी आधी जी चाल बांधली ती संथ, निवांत होती. खेळाच्या हालचालीवर ती बसेना. पळणं, उडी मारणं, थांबणं यांचा जो ताल हाताला जाणवतो, तो त्या चालीत नव्हता, म्हणून त्यांनी ती सोडून नवी केली. आपल्या कथ्थकच्या भाषेत सांगायचं तर पढंत, म्हणजे तोंडाने म्हटलेले बोल, आणि पाऊल जुळलं नाही, म्हणून पढंतच बदलली.

जमिनीखालच्या टप्प्याची सुरुवात तर तीन सुरांवर भागवली आहे: सा आणि वरचा सा, ध आणि वरचा ध, कोमल नी आणि वरचा कोमल नी, आणि मग शांतता. भुयारात आपल्या पावलांचा आवाज ऐकू यावा, तशी ती शांतता. पाण्याखाली गेलं की संगीत तीन मात्रांच्या वॉल्ट्झच्या झुल्यावर बसतं. आणि नाणं मिळाल्याचा आवाज म्हणजे दोन सूर, नी आणि लगेच त्याच्या वरचा ग. पांढरी एकच्याच घरातले. म्हणून नाणं केव्हाही वाजलं तरी सहसा बेसूर वाटत नाही.

आता धून स्वतः.

सुरुवातीची ओळ मात्रांत मांडू. सोळा घरं घ्या आणि भरा:

ग ग – ग | – सा ग – | प – – – | प – – –

शेवटचा प मंद्रातला. बरोबर सोळा मात्रा, तीनतालाचं एक आवर्तन. अर्थात हा तीनताल नाही, खाली-भरी काही नाही, पण मोजायला आपल्याला सोपं जातं. तिसरा ग कुठे पडला आहे पाहा: चौथ्या घरात, पाचव्याच्या अलीकडे. आपला पाय पाचव्या मात्रेवर आपटायला निघालेला असतो आणि सूर त्याच्या आधीच येऊन गेलेला असतो. ज्या घरावर पाय पडतो ते रिकामं! शरीराला आपोआप उडी बसते.

पुढची ओळ मला याहून सुंदर वाटते. सा, मग मंद्रातला प, मग त्याखालचा ग, मग मंद्र ध. पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या घरात. म्हणजे चारचारच्या चालीवर तीनतीनचे टप्पे. तबलजी तिहाई घेताना असेच आडवे टप्पे टाकत समेकडे येतात, आणि आपल्याला कळतं की गडी पडणार नाही, पण पडतोय असं मात्र वाटतं. खड्ड्यांवरून उड्या मारणाऱ्या माणसासाठी याहून योग्य चाल कोणती? मग नी, कोमल नी, ध अशी घसरण, आणि त्यानंतर प ग प हे तीन सूर चार घरांत सारखे वाटलेले. आधी घरांच्या हिशोबाने चाललेली चाल एकदम लवचीक होते आणि वरच्या धैवतावर जाऊन बसते.

त्यापुढच्या भागात प, तीव्र म, शुद्ध म, कोमल ग, शुद्ध ग अशी उतरण येते. दोन्ही मध्यम लागोपाठ, दोन्ही गंधार लागोपाठ. ललित रागामध्ये दोन मध्यम असे शेजारी येतात तेव्हा काळीज हलतं. इथे त्याचा परिणाम अगदी वेगळा, खेळकर, जणू कुणी कठड्यावरून तोल सावरत चाललंय. आणि या भागाच्या शेवटी कोमल ध, कोमल नी, सा अशा चढत्या पायांवर उभे राहिलेले तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह. बहुतेक धून शुद्ध स्वरांच्या उजेडात चाललेली असताना हे दोन कोमल स्वर खालून येतात आणि सा वर पोचल्यावर खरोखर काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं. गेमचं काहीही माहीत नसलेल्या माणसालाही तसंच वाटतं. हे मी अनेकदा करून पाहिलं आहे.

पियानोवर बसल्यावर काय होतं?

आधी अडचणी सांगतो. चिपचा सूर चालू असेपर्यंत चालूच राहतो, पेटीसारखा. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. म्हणजे लांब धरलेला सूर चिपवर जेवढा ठाम, तेवढा पियानोवर हळवा. खरं तर नुसती वरची चाल पेटीवर जास्त हुबेहूब वाटते. पण पेटीवर डावा हात भात्यात अडकलेला, त्यामुळे खर्जाची ओळ हरवते. पियानो सुराचा टिकाऊपणा घेतो आणि बदल्यात दुसरा हात मोकळा करून देतो.

मग तीन गळे दोन हातांत वाटायचे. पहिल्या भागात तिन्ही आवाज एकाच लयीत, एकदमच उड्या मारतात, त्यामुळे उजव्या हाताला वरचे दोन सूर जोडीने घ्यावे लागतात आणि डाव्याला खालचा. करंगळीवर चाल, अंगठ्याजवळ तिची सोबतीण. करंगळी हा सगळ्यात दुबळा वादक आणि त्याच्याच हाती मुख्य गाणं, त्यामुळे वरचा सूर ठळक आणि खालचा दबका ठेवायला महिना-दोन महिने सहज जातात. पुढे खर्ज स्वतःच्या वेगळ्या उड्या घेतो, तेव्हा दोन हातांना दोन वेगळी गणितं. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी तीन आवाजांच्या १५ छोट्या रचना शिकणाऱ्यांसाठी लिहिल्या, साधारण १७२३ च्या सुमारास. कोंडोंची धून त्या तोडीची स्वरबांधणी आहे असं मी म्हणणार नाही, बाखच्या तिन्ही ओळी स्वतंत्रपणे बोलतात. पण बोटांना पडणारा प्रश्न तोच: तीन माणसांचं बोलणं दोन हातांनी कसं सांगायचं. बाख हाताखालून गेलेला असला की मारिओ सोपा जातो, आणि उलटंही खरं आहे.

सुरुवातीचे तीन गंधार हेही दिसतं तेवढं सोपं नाही. एकाच बोटाने झटपट ठोकले तर हात आखडतो. तीन वेगवेगळी बोटं एकामागून एक त्याच पट्टीवर आणायची, मधलं, त्याच्या शेजारचं, मग अंगठा. अशी जलद पुनरावृत्ती पियानोवर करता येते याचं श्रेय सेबास्टियन एरार या कारागिराला. १८२१ मध्ये पेटंट घेतलेल्या त्याच्या यंत्रणेमुळे पट्टी पूर्ण वर न येताही हातोडी पुन्हा मारता येते. मारिओ वाजवताना पॅडल, म्हणजे सूर लांबवणारी पायाची कळ, जवळजवळ वापरू नये. सूर एकमेकांत मिसळले की ती रिकामी घरं भरून जातात, आणि या धुनेचं अर्धं सौंदर्य रिकाम्या घरांत आहे.

खरखराटाचा ताल तर पियानोवर आणताच येत नाही. तरीही उडी शिल्लक राहते. ढोल काढला, तो टिपिकल आवाज काढला, पडदा बंद केला, आणि तरी पाय हलतो, याचा अर्थ उडी ढोलात नव्हती, चालीच्या बांधणीत होती.

इथे मला नाट्यसंगीत आठवतं. ‘संगीत मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ती पदं प्रसंगासाठी बांधलेली होती, अमुक पात्राने अमुक वेळी गाण्यासाठी. आज मैफलीत ती गाताना ना नेपथ्य असतं ना कथा, समोर बसलेल्या निम्म्यांना नाटकाचा विषयही ठाऊक नसतो, तरी पद उभं राहतं. कामासाठी बांधलेलं संगीत कामाबाहेर उभं राहिलं की त्याची पारख होते. ज्या पेटीवर टेंब्यांनी नाव कमावलं, तिच्यावर १९४० पासून पुढची काही दशकं आकाशवाणीत बंदी होती. कोणतं संगीत दर्जेदार आणि कोणतं वाद्य अस्सल याबद्दलचे निकाल बदलत असतात.

गेमच्या संगीताबद्दलही ते बदलले. २०११ मध्ये ख्रिस्तोफर टिन यांच्या ‘बाबा येतू’ला ग्रॅमी मिळालं, गेमसाठी रचलेल्या संगीताला मिळालेलं ते पहिलं. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे खेळाडू गेममधल्या धुनांवर मैदानात आले. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत मारिओची हीच धून घेतली, गेमसंगीतातली पहिली. या सन्मानांनी मला आनंद होतो. पण पुरस्कार नसता तरी तो आडवा टप्पा तसाच आडवा राहिला असता.

सगळंच गेमसंगीत या कसोटीला उतरतं असं नाही, आणि उतरलं नाही म्हणून ते कमी ठरत नाही. ‘जर्नी’ या २०१२ च्या गेममध्ये ऑस्टिन विंटरी यांनी चेलोला मध्यभागी ठेवलं आणि संगीत खेळाडूच्या वाटचालीबरोबर वळत जातं. चेलोची मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं, पियानोत येणं शक्य नाही, आणि वळणं तर एका छापील पानावर बसवताच येत नाहीत. तिथे पियानो हा नुसता फोटो. असं संगीत त्याच्या जागीच ऐकावं.

उलट नोबुओ उएमात्सु यांचं ‘टू झानारकंद’ घ्या, २००१ च्या ‘फायनल फँटसी १०’ मधलं. तिथे आवरण काढावंच लागत नाही, गेममध्येही ते पियानोवरच वाजतं. उएमात्सु कुठल्या संगीतशाळेत शिकलेले नाहीत, स्वतःच्या कानाने शिकले. त्यांच्या चालींचे पियानोसाठीचे संग्रह १९९२ पासून निघू लागले, ‘फायनल फँटसी ४’पासून. इथे मारिओच्या बरोबर उलटं: पॅडल हवंच, आणि सूर विझण्याची पियानोची जी अडचण आधी सांगितली, तीच इथे रचनेचा प्राण होते. प्रत्येक सूर लावला की मावळतो आणि पुढचा सूर त्या मावळतीतून उचलायचा असतो. घाई केली की सगळं गेलं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी टेट्रिस सांगतो. निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरची १९८९ ची ती प्रसिद्ध चाल मुळात एकोणिसाव्या शतकातलं रशियन लोकगीत आहे, ‘कोरोबेइनिकी’. पांढरी सहाला सा धरा: प, रे, कोमल ग, म, कोमल ग, रे, सा. उड्या मोठ्या नाहीत, पुनरावृत्ती भरपूर, डाव्या हाताला एकाआड एक दोन सूर दिले तरी भागतं. ते जमलं की मारिओची नुसती खर्जाची ओळ बसवायची आणि वरची चाल तोंडाने गायची. मग उलटं. तबला शिकताना बोल तोंडाने म्हणत हाताने ताल देतो, तसंच. दोन्ही हात एकत्र आणण्याची घाई केली की तीनचे टप्पे चारचे होऊन बसतात आणि उडी मरते.

शेवटची अडचण मात्र बोटांची नाही. गेममध्ये धून संपत नाही, ती फिरत राहते. पियानोसमोर बसलेल्याला कधीतरी उठायचं असतं. लेहरा तरी तबलजीच्या तिहाईबरोबर समेवर सुटतो, इथे तिहाई घेणारा खेळाडू उठून गेलेला आहे. मग शेवट वाजवणाऱ्याने बांधायचा. माझ्या वहीत तीन लिहिलेले आहेत. पहिला कोमल ध, कोमल नी, सा या तीन कॉर्डचा, भरदार, ऐकणारे लगेच टाळ्या वाजवतात. दुसऱ्यात सुरुवातीची ओळ तीनदा तिहाईसारखी घेऊन समेवर येतो. तिसरा मला सगळ्यात आवडतो. धून नेहमीप्रमाणे पुन्हा सुरू करायला निघायचं, मधेच दोन्ही हात उचलायचे, एक अख्खं आवर्तन शांत जाऊ द्यायचं, आणि मग उजव्या हाताने अगदी वर, हलकेच, दोनच सूर: नी, ग.